पंधरातले चार

तुझा मेसेज सकाळी पाहिला गं. घड्याळाचा फोटो, त्यावर ती नारिंगी पट्टी, शेजारी ‘अवेक 52 मिनिटं’, आणि खाली तुझा प्रश्न, ‘ताई, मला निद्रानाश झालाय का?’ तुला त्या बावन्न मिनिटांची धास्ती पडली. माझं लक्ष मात्र मेसेज आल्याच्या वेळेकडे गेलं. पहाटेचे 3 वाजून 10 मिनिटं. बाळाला पाजता पाजता एका हातानं टाइप केलेलं असणार, अर्धे शब्द चुकलेत. तर आधी घड्याळाचं उरकून घेऊ, मग तुझ्याकडे येते.

मनगटावरच्या घड्याळाला तुझा मेंदू दिसत नाही. हात हलतोय का, नाडी किती पडतेय, एवढ्यावरून ते अंदाज बांधतं. खरी झोप मोजायची तर डोक्याला तारा चिकटवून रात्रभर ईईजी काढावा लागतो. तो मोठा खटाटोप आहे आणि तुला त्याची गरजही नाही. या घड्याळांची गंमत अशी, की झोपलेल्या माणसाला ती बहुतेक वेळा बरोबर ओळखतात, पण छताकडे बघत निपचित पडलेल्या जाग्या माणसालाही झोपलेलाच धरतात. तेव्हा त्या आकड्याला ब्रह्मवाक्य समजू नकोस. शिवाय रात्रीतून थोडंथोडं जागं तर सगळेच होतात. झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा. फेरा बदलताना माणूस कूस वळतो, पांघरूण ओढतो, क्षणभर डोळेही उघडतो, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आपल्या आजीला याचा कधी घोर लागला नाही, कारण तिच्या मनगटात बांगड्या होत्या. घड्याळाचे आकडे बघत काळजी करायची आणि त्या काळजीनं उरलीसुरली झोपही घालवायची, या दुखण्याला 2017 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चक्क नाव दिलं, ऑर्थोसोम्निया. घड्याळ पाव्हण्यांनी, तुझ्या नवऱ्यानं, हौसेनं आणलंय, दिवसा खुशाल मिरव. रात्री काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव.

आता तो ‘अवेक’. तुला तो शब्द एवढा टोचलाय म्हणून वॉर्डातलं एक सांगते. पेशंट जागा आहे, एवढंच लिहून आम्ही कधी थांबत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस आला की ग्लासगो स्केल लावतात. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये बसवलेली ही मोजणी आजही कॅज्युअल्टीत चालते. एकूण मार्क 15. आपणहून डोळे उघडे ठेवण्याचे त्यातले फक्त 4. आपण कोण, कुठं आहोत, कोणता महिना चालू आहे हे नीट सांगण्याचे 5. सांगितलं तसे हातपाय हलवण्याचे 6. नाइटला नवीन मुली आल्या की मी त्यांना बजावते, डोळे उघडे दिसले म्हणून पुढच्या कॉटवर जाऊ नका, त्याला नाव विचारा.

तुला तुझं नाव येतं, घाबरू नकोस. पण परवा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून तू गोठ्यात निघून गेलीस. बाळाला औषध पाजलं की नाही, हे तुला आठवेना. तुझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, नुसतं ‘चहा झाला का गं’ विचारलं, तर तुला रडू फुटलं. हे तूच मला हसत हसत सांगितलंस. त्या सगळ्या वेळी तू जागीच होतीस की! पण ते डोळ्यांचे चार झाले. बाकीचे अकरा कुठं गेले, ते बघू.

हिशोब अगदी सोपा आहे. भांडी, विरजण, उद्याची भाजी निवडून तुझी पाठ टेकते अकराच्या पुढं. बाळ दोनदा उठतं. साडेचारला तू धारांसाठी उठतेस, कारण सहाला डेअरीची गाडी येते. मधलं सगळं धरून साडेचार तास, तेही तुकड्या-तुकड्यांत. मोठ्या माणसाला किमान 7 तास लागतात, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणजे तुझी पहाटेची बाजू रोज कापली जाते, आणि पहिल्या भागाला बाळ भोकं पाडतं. दुपारची वीस मिनिटांची डुलकी घे, तिचा उपयोग होतो. पण झोप म्हणजे किराणा दुकानातली उधारी नव्हे, की महिनाअखेरीला एकदम चुकती केली.

तू म्हणशील, बायकांचं असंच असतं. आई नाही का चार तासांवर घर हाकायची? हाकायची ना. आणि सप्त्यात कीर्तन सुरू झालं की पहिल्या अभंगाला तिची मान खाली जायची, आपण दोघी हसायचो. ती थकलेली असेल, हे आपल्या डोक्यातच आलं नाही. ‘मला चार तास पुरतात’ हे आपल्याकडच्या बायका पदक मिरवावं तसं सांगतात. घरात सगळ्यांत शेवटी झोपते आणि सगळ्यांत आधी उठते ती गुणाची. हे ज्यानं कुणी ठरवलं असेल, तो स्वतः आठ तास झोपत असणार.

माझ्या बोलण्यावर नको विश्वास ठेवू. 2019 मध्ये केंद्र सरकारनं देशभर लोकांच्या दिवसाच्या चोवीस तासांची मोजणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा वेळ निघाला 299 मिनिटं, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा 97. तीन तासांहून जास्त फरक. त्यातला थोडाफार तरी तुझ्या उशीवरून गेलेला आहे.

पूर्वी गावाला जागल्या असायचा, आठवतंय का, आजोबा सांगायचे. रात्रभर गाव राखायचा, आणि सुगीला त्याला खळ्यावरून धान्य मिळायचं. गाव झोपायचं आणि जागण्याची मजुरी द्यायचं. तुझ्या घरी जागल्या तू आहेस. मजुरी मागायला नको का?

तुला जागरणाचं वावडं असावं असं मी म्हणत नाही. उलट तुझ्या लग्नातल्या जागरण-गोंधळाला मीच पहाटेपर्यंत हललेले नव्हते. कोरठण खंडोबाला जाऊन आलेले वाघ्ये, तो संबळ, दिवटीचा उजेड, मुरळीनं भावकीतल्या म्हाताऱ्यांची उडवलेली खिल्ली! असल्या रात्री झोपतंय कोण? कोजागरीचं दूध, नवरात्रात मोहट्याच्या डोंगरावरची गर्दी, हे सगळं जागून करायचंच असतं. पण दुसऱ्या दिवसाचं आठव. पुरुषमंडळी ओसरीवर ओळीनं घोरत होती, आणि मोठ्या जाऊबाई पन्नास माणसांच्या भाकरी थापत होत्या. जागरण सगळ्यांचं झालं होतं. भरपाई निम्म्यांनाच मिळाली. जागरणाला खर्च पडतो तो त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी.

आता रात्रीच्या लाईटचं बोलू, कारण तुझी खरी झोप तिथं जाते आणि ते तू मला सांगत नाहीस. मला माहीत आहे ना. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की पाव्हणे उसाला दारं धरायला जातात. आणि तू? बाळ झोपलेलं असतं, आत्याबाई झोपलेल्या असतात, आणि तू खिडकीतून बॅटरीचा उजेड हलतोय का बघत बसतेस. उजेड दिसला की जीव भांड्यात, नाही दिसला की फोन. फोनला रेंज नाही.

ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे उसात बिबट्या आहे, आणि तोही रात्रपाळीवालाच. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून कितीतरी वर्षं हेच पाहिलं, की बिबटे जंगलात नाही, माणसांच्या शेतात राहतात. त्यांच्या खाण्यात सगळ्यांत जास्त वाटा कुत्र्यांचा निघाला. माग काढण्यासाठी गळ्यात पट्टे बांधलेले बिबटे दिवसा झाडी-पिकात पडून राहायचे आणि रात्री वस्त्यांच्या जवळून फिरायचे. पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला 2009 मध्ये विहिरीतून काढलेला एक म्हातारा बिबट्या माळशेजला सोडला, तर तो चालत चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. ‘आजोबा’ म्हणून त्याच्यावर सिनेमाही निघाला. सांगायचं एवढंच, की तुझ्या खिडकीत बसण्यानं बिबट्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पाव्हण्यांनी एकटं न जाण्यानं, शेजारच्या वस्तीवरच्याला सोबत घेण्यानं, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावण्यानं आणि उसाच्या कडेला खाली बसून तंबाखू न मळण्यानं. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. शेळ्या बंद गोठ्यात घाल, कुत्रं अंगणात मोकळं ठेवू नकोस. आणि ठरवून टाका, बाराला एक मिस्ड कॉल, मोटर बंद केली की दुसरा. मधल्या वेळात तू झोपायचं. मिस्ड कॉल आला नाही तर उठायचं.

त्यांच्याही झोपेचं बोलते, नाहीतर म्हणशील ताई बायकांचंच बघते. रात्रभर दारं धरून सकाळी तेच मोटारसायकलवर दूध घेऊन जातात. सतरा-अठरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंद होतात, असं तपासून पाहिलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा 0.03 आहे. थेंब न घेता माणूस नशेत गाडी चालवतो, आणि पोलिसाच्या यंत्रात काही दिसत नाही. कॅज्युअल्टीत पहाटे येणाऱ्यांत असे किती असतात, ते मी बघते. रात्रपाळीनंतरचं दूध तुझ्या दिरानं न्यावं. कॉलेजला त्याच वाटेनं जातो ना तो?

दिवसाची लाईट मिळाली तर अर्धं भांडण मिटेल. आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत, 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिला-वहिला प्रयोग सुरू झाला, शेतीला दिवसा सूर्यावरची वीज द्यायची म्हणून. नंतर सौर पंपांच्याही योजना आल्या. तुमच्या फीडरचं काय झालं, पंपाचा अर्ज भरलाय का, हे पाव्हण्यांना विचार. लोक तिला पाण्याची योजना म्हणतात, मी तिला झोपेची योजना म्हणते.

पहाटे उठण्याचं आत्याबाईंना फार कौतुक आहे, ते मी ऐकून आहे. पहाटेबद्दल मलाही आदर आहे. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना आणून कोंडलं. नेहरूंनी तिथं पुस्तक लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याच शेजारी मौलाना आझाद होते. ते पहाटे तीन-चारला उठायचे, आपल्या हातानं चहा करायचे, दूध न घालता, चिनी, मोगऱ्याच्या वासाचा, आणि एका मित्राला पत्रं लिहीत बसायचे. ती पत्रं तुरुंगातून जाणार नव्हतीच. पुढं 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावानं त्यांचं पुस्तक झालं. तुरुंगातल्याच एका वर्षी, एप्रिल 1943 मध्ये, त्यांची बायको कलकत्त्यात वारली आणि त्यांना तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. तशा दिवसांतही ती पहाट त्यांनी सांभाळली. मला त्या माणसाचा हेवा वाटतो, खरं सांगू? किल्ल्याला कुलूप होतं, पण त्या तासाभरात त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. तुझी पहाट गाईची आहे, डेअरीची आहे, डब्याची आहे. तुला कधी एकटीनं बसून चहा प्यायला पहाटे उठावंसं वाटलं, तर जरूर ऊठ. आधी नऊला झोप.

आता नर्स म्हणून चार गोष्टी, त्या नीट ऐक.

बाळ झोपलेलं आहे, कोणी हाक मारत नाही, अंग मोडून आलंय, आणि तरीही तुझा डोळा लागत नाही, असं होतं का? त्याच्या जोडीला उदास वाटणं, कशातच मन न लागणं, बाळ नकोसं वाटणं? मला खरं सांगायचं. हे दोन आठवड्यांपुढं राहिलं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्याला औषधोपचार आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आशाताईंना सांग, डॉक्टरांना दाखव. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर सरकारची टेली-मानस लाइन आहे, 14416, ती मराठीतही बोलते. आणि मनात स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं आलं, तर दोन आठवडे काय, दोन मिनिटंही थांबायचं नाही. मला उठवायचं. तीन वाजून दहा मिनिटांनीसुद्धा.

मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मागून आणायची नाही. तू अंगावर पाजतेस. शेजारणीनं दिलेली तर मुळीच नाही.

दुपारी चारनंतर चहा बंद. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, आणि ते बाळाच्या दुधातही थोडं उतरतं. रात्री पाजताना फोन बघायचा नाही. पाच मिनिटांचं रील म्हणता म्हणता बाळ झोपतं आणि तू जागी राहतेस. झोप आलीच नाही, तर अंथरुणात तळमळत पडू नकोस, उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं कर, पेंग आली की परत जा.

आणि रात्रीच्या पहिल्या पाळीची वाटणी कर. नवाला बाळाला पोटभर पाजायचं आणि तू आतल्या खोलीत जाऊन झोपायचं. बाराच्या आत ते उठलं, तर पाव्हण्यांनी किंवा आत्याबाईंनी घ्यायचं. दूध आधी काढून स्वच्छ उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेव. बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये ठेवलं तर आणखी पुष्कळ. वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नको. बाळ सात महिन्यांचं झालंय, वरचं खातंय, त्याला आता दर दोन तासांनी दूध लागत नाही. बऱ्याचदा त्याला नुसतं कोणीतरी जवळ घ्यायला हवं असतं. बापाच्या खांद्यालाही थोपटता येतं. रात्रीच्या लाईटचा आठवडा असला, तर ही पाळी आत्याबाईंची, आणि दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात पहाटेच्या धारा पाव्हण्यांच्या. त्यांना धारा काढता येतात, लग्नाआधी तेच काढायचे, आत्याबाईंनीच मला सांगितलंय.

आत्याबाईंना हे कसं सांगायचं, म्हणून तू अडून बसली असशील. भांडायला जाऊ नकोस. त्यांना आधी विचार, ‘आत्याबाई, तुम्हाला तरी झोप लागते का?’ मागच्या वेळी आले तेव्हा त्या म्हणत होत्या, रात्री पाठ टेकली की पायांत मुंग्या आल्यासारखं होतं, पाय हलवत राहावंसं वाटतं, मग उठून मिसरी लावते आणि पडते. मिसरीत तंबाखू, तंबाखूत निकोटीन, आणि निकोटीन झोप उडवतं, आणत नाही. पायांचं ते वळवळणं पुष्कळदा अंगातल्या लोहाच्या कमतरतेनं होतं. त्यांनाही वीस-पंचवीस वर्षं कोणी विचारलेलं नाही गं. 2019 ते 2021 या काळातल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं, तुम्ही दोघी त्याला अपवाद असाल असं मला वाटत नाही.

तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी दोघी मिळून राहुरीला जा आणि रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, दोन्ही लिहून घे. उपाशी जायची गरज नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, हे आत्याबाईंना दोनदा सांग, कारण त्या ऐकणार नाहीत. बाळाला तेवढा वेळ पाव्हणे सांभाळतील. नाही म्हणाले, तर फोन माझ्याकडे दे.